भुकेची नामुष्की

समुद्रातला एखादा मासा संपवायचा असेल तर माणसाला ते सांगावं लागत नाही. उलट, नको म्हणून बजावलं की तो हे काम जास्त मन लावून करतो. न्यूफाउंडलंडच्या समुद्रातला कॉड युरोपातली गलबतं शतकानुशतकं भरभरून नेत होती. १९९२ च्या जुलैत कॅनडाच्या सरकारने तिथली कॉडची मासेमारी बंद केली, तेव्हा बंदी घालण्यापुरताही कॉड फारसा उरला नव्हता. उत्तर अमेरिकेतल्या प्रवासी कबुतरांचे थवे एकेकाळी सूर्य झाकून टाकत. त्यांतलं शेवटचं कबुतर १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. त्याच्या भाऊबंदांतले पुष्कळसे त्याआधीच ताटांतून गेले होते. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रूडोम या नामांकित बल्लवाने रेडफिशच्या तुकडीला लोणी आणि मसाला चोपडून ती धगधगत्या लोखंडी तव्यावर काळी होईपर्यंत भाजली. पदार्थ असा काही गाजला की मेक्सिकोच्या आखातात रेडफिशची धरपकड सुरू झाली आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारला आपल्या हद्दीत ती थांबवावी लागली. यातलं काहीही कुणी ठरवून केलं नव्हतं. त्यासाठी योजना नव्हती, भित्तिपत्रकं नव्हती, कुणी 'खा हो खा' म्हणत गावभर फिरलं नव्हतं.

गेली पंधराएक वर्षं पश्चिम अटलांटिकच्या किनाऱ्यांवर मात्र नेमकं हेच चाललं आहे. सरकारी खाती सांगताहेत, शास्त्रज्ञ सांगताहेत, एरवी आपल्या प्रत्येक घासाकडे रोखून बघणारे पर्यावरणवालेही सांगताहेत, की बाबांनो, हा एक मासा खा, वाट्टेल तेवढा खा, लाजू नका, जमलं तर संपवून टाका. आणि तो संपत नाही. माणसाच्या भुकेची कीर्ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे ऐकून धक्काच बसेल. धक्का ओसरल्यावर कारण शोधावं, कारण त्यातून त्या माशापेक्षा आपल्या भुकेविषयीच जास्त कळतं. भूक एकटी फारसं काही करत नाही. तिला जाळं लागतं, घाऊक व्यापारी लागतो आणि माल स्वस्त लागतो. हे तिघे बाजूला काढले की खाली उरते ती नुसती खवय्येगिरी, आणि खवय्येगिरीने समुद्र रिकामा होत नाही, फक्त बिल वाढतं.

हा मासा म्हणजे लायनफिश. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, दोन्ही अंगांना पिसाऱ्यासारखे पसरलेले पर, पाठीवर काट्यांची रांग. चाल संथ, घाई करायला लावेल असं त्याला कुणी भेटतच नाही. मूळचा तो हिंदी महासागर आणि पश्चिम प्रशांतमधला, म्हणजे आपल्याच आळीतला. लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांत तो पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे आणि तिथे त्याच्याविरुद्ध कुणाची तक्रार नाही. तक्रार सुरू होते अटलांटिकात. १९८५ मध्ये फ्लोरिडात डेनिया बीचजवळ तो पहिल्यांदा दिसला. तो तिथे कसा पोहोचला, याची एक छान गोष्ट बरीच वर्षं सांगितली जायची: १९९२ च्या अँड्र्यू वादळात किनाऱ्यावरची एक काचेची टाकी फुटली आणि तीतले सहा लायनफिश समुद्रात गेले. वादळावर ढकलण्यात एक सोय असते, वादळ अब्रूनुकसानीचा दावा लावत नाही. पण पहिला मासा १९८५ चा आणि वादळ १९९२ चं, तेव्हा वादळाने आपलं काम सात वर्षं आधीच उरकलं होतं असं मानावं लागतं. ज्या शास्त्रज्ञाने ही हकिकत छापली होती त्यानेही पुढे ती ऐकीव असल्याचं कबूल केलं. खरं कारण बहुधा याहून साधं आणि लाजिरवाणं आहे. हौसेने आणलेला देखणा मासा टाकीतली बाकीची मंडळी गिळून बसला, मालक वैतागला आणि दयाळूपणाने त्याला समुद्रात सोडून आला. २००० च्या सुमारास लायनफिश नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर होता, २००४ मध्ये बहामात, २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात आणि २०१४ मध्ये ब्राझीलमध्ये. एका दयाळू माणसाने किती नुकसान करावं याला काही मर्यादा नाही.

नुकसान कसलं, तर खाण्याचं. हा मासा स्वतःच्या लांबीच्या निम्म्याएवढं भक्ष्य सहज गिळतो. पर पसरून लहान माशाला कोपऱ्यात कोंडतो, कधी त्याच्या तोंडावर पाण्याचा झोत मारून त्याला गोंधळवतो, आणि मग इतक्या झटक्यात तोंड उघडतो की भक्ष्याला आपला शेवट झाल्याचं कळतही नसावं. हिंदी महासागरातल्या माशांना त्याच्या या लीला ठाऊक आहेत. अटलांटिकातल्या बिचाऱ्यांनी असलं सोंग कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे ते समोर उभे राहून बघत बसतात. ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या मार्क अल्बिन्स आणि मार्क हिक्सन या संशोधकांनी बहामातल्या छोट्या खडकांवर प्रयोग केला. जिथे एकेक लायनफिश सोडला होता तिथे स्थानिक माशांच्या नव्या पिलांची भर पाच आठवड्यांत सरासरी ७९ टक्क्यांनी घटली. त्याच्या पोटात सापडलेल्या माशांच्या जातींची यादी सत्तरच्या पुढे जाते. एक मादी वर्षाला वीस लाखांपर्यंत अंडी घालते, आणि तीही ठरावीक मोसमात नव्हे, तर ऊबदार पाण्यात जवळजवळ बारा महिने, दर काही दिवसांनी. अटलांटिकातल्या काही लायनफिशच्या पोटात चरबीचे असे थर आढळले की ते कापणाऱ्या शास्त्रज्ञांनाच काळजी वाटली. अमेरिकेत आलेल्या पाहुण्याचं वजन वाढतं, या सर्वसाधारण अनुभवाला मासाही अपवाद नाही एवढाच त्याचा अर्थ.

मग याला खाणारं तिथे कुणी नव्हतं का? मोठ्या गोब्र्याच्या पोटात लायनफिश सापडल्याच्या नोंदी आहेत. पण कॅरिबियनमधले मोठे गोब्रे आपण आधीच खाऊन बसलो होतो. रखवालदाराचं कालवण करून झाल्यावर चोरीची तक्रार घेऊन जावं, तशातला हा प्रकार. होंडुरासमध्ये पाणबुड्यांनी शार्कांना चव लावून बघितली. भाल्याच्या टोकाला लायनफिश टोचून ते शार्कांपुढे धरू लागले, म्हणजे पुढे शार्क आपले आपण शिकार करतील. शार्क शिकले, पण वेगळाच धडा शिकले: पाणबुड्या दिसला की जेवण येतं. भुकेला शार्क आपल्याकडे जेवणाच्या आशेने बघतो आहे, हे पाण्याखाली कळण्यात फारशी मौज नसते, म्हणून जाणत्यांनी हा शिरस्ता बंद करा असं सांगितलं. गोब्रा नाही, शार्क नाही, म्हटल्यावर उमेदवारांच्या यादीत एकच नाव उरलं. पूर्वानुभव दांडगा, शिफारशीची गरज नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या सागरी खात्याने लोकांना लायनफिश खाण्याचं आवाहन केलं आणि त्याच वर्षी 'रीफ' या फ्लोरिडातल्या संस्थेने त्याच्या पाककृतींचं पुस्तक काढलं. शत्रूवर चाल करताना आधी पाककृती छापायच्या, ही युद्धनीती कौटिल्यालाही सुचली नव्हती.

इथे पहिला आक्षेप येतो तो विषाचा. लायनफिशला विषारी काटे असतात हे खरं आहे: पाठीवर तेरा, पोटाखाली दोन, मागे खालच्या अंगाला तीन, एकूण अठरा. काटा घुसला तर वेदना अशा होतात की भलाभला पाणबुड्या आईला हाक मारतो. पण विष काट्यांत आहे, मांसात नाही, आणि तेही प्रथिनांचं असल्यामुळे उष्णतेने निकामी होतं. म्हणूनच काटा लागलेला हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवतात, आणि म्हणूनच तळलेला लायनफिश कुणाला दंश करत नाही. अमेरिकन गिऱ्हाइकाला हे समजावताना तिथल्या प्रचारकांची वर्षं गेली. मालवणच्या बाजारात हा वेळ वाचला असता. शिंगाळ्याचे काटे मोडून टाकायचे असतात, पाकटाच्या शेपटीच्या वाटेला जायचं नसतं, हे ज्या किनाऱ्यावर पोरासोरांना ठाऊक असतं तिथे 'काट्यात विष आहे' ही माहिती आक्षेप म्हणून येत नाही, कृतीतली पहिली पायरी म्हणून येते. प्रवाळातल्या माशांमध्ये साठणाऱ्या सिग्वाटेरा नावाच्या विषाचा प्रश्न मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ते शिजवूनही जात नाही, आणि काही बेटांभोवतीच्या लायनफिशमध्ये ते सापडलं आहे. अमेरिकेच्या अन्न खात्याने तसा इशाराही दिलेला आहे. पण त्याच बेटांभोवतीचे गोब्रे आणि बराकुडा यांच्यातही ते असतं, आणि तेवढ्यासाठी तिथल्या लोकांनी गोब्रा सोडल्याचं दिसत नाही. सोडला असता तर तो उरला असता. जिथे धोका आहे तिथे खाऊ नये, बाकीचा समुद्र पुष्कळ मोठा आहे.

दुसरी शंका चवीची. अनेक उपद्रवी प्राण्यांना खाऊन संपवण्याच्या योजना तिथेच आपटतात, कारण उपद्रवी प्राण्याला चविष्ट असण्याची सक्ती नसते. लायनफिशची गंमत अशी की तो खरोखरच चांगला लागतो. मांस पांढरं, सौम्य, वास नसलेलं. कोकणी जीभ त्यात मिठाबरोबर थोडं आगळ मागेल, पण नाक मुरडणार नाही. फ्लोरिडात बल्लवांनी त्याचं सेविचे केलं, टॅको केले, अख्खा तळून पर उभे ठेवून ताटात मांडला, आणि फोटो काढल्याशिवाय कुणी तो खाईना. सागरी अन्नाबद्दल सल्ला देणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या मान्यवर यादीने त्याला बिनधास्त खाण्याच्या रकान्यात बसवलं. २०१६ मध्ये होल फूड्स या बड्या दुकानसाखळीने फ्लोरिडात तो विकायला घेतला. कोलंबियात तर चर्चलाही साकडं घातलं गेलं. पवित्र सप्ताहात मांस वर्ज्य असतं, मासा चालतो, तेव्हा धर्मगुरूंनी भाविकांना लायनफिश खायला सांगावं, अशी ती कल्पना. आपल्याकडे श्रावणात मासे सोडतात आणि तिकडे उपासालाच मासा खातात. ही युक्ती आपल्याला सुचणं शक्यच नव्हतं. थोडक्यात, सरकार अनुकूल, शास्त्र अनुकूल, बल्लव अनुकूल, देवही अनुकूल. एवढं पाठबळ मिळूनही एखाद्या मोहिमेला यश येत नसेल तर घोडं जिभेपाशी नाही, आणखी कुठेतरी अडतं आहे.

ते अडतं पाण्यात. लायनफिश गळाला सहसा लागत नाही, कारण त्याला जिवंत, पळणारं भक्ष्य हवं असतं. ओढायच्या जाळ्यात तो येत नाही, कारण तो प्रवाळांच्या कपारीत असतो आणि तिथे जाळं फिरवलं तर मासा राहतो बाजूला, प्रवाळ मात्र उखडून येतं. शेवंडांसाठी लावलेल्या पिंजऱ्यांत काही सापडतात, पण ते वाट चुकून. म्हणजे उरला एकच मार्ग. माणसाने पाठीवर हवेची टाकी बांधावी, वीस-तीस मीटर खाली जावं, एका कपारीपाशी थांबावं, छोटा भाला ताणावा आणि एक मासा टोचावा. मग तो काटे सांभाळून प्लास्टिकच्या जाड नळीत कोंबावा, आणि पुढचा शोधावा. टाकीतली हवा संपत आली की वर यावं, विश्रांती घ्यावी, पुन्हा बुडी मारावी. रेडफिशच्या वेळी काय झालं होतं ते आठवावं: वरून विमानं घिरट्या घालून माशांचे कळप हुडकत आणि बोटी त्यांना भल्यामोठ्या जाळ्याने घेरत. एका फेऱ्यात हजारोंचा सौदा. प्रूडोमच्या तव्याची चव अप्रतिम असेलही, पण रेडफिशवर खरं संकट आणलं ते त्या जाळ्याने. तव्याने फक्त जाळ्याला कारण पुरवलं. लायनफिशपाशी तवा आहे, जाळं नाही. वर, हाती आलेल्या माशाचं डोकं, काटे, कातडी काढली की वजनाच्या सुमारे एक तृतीयांश मांस उरतं. दुकानात तो पौंडाला दहा डॉलरच्या आसपास विकला गेला, आणि तेवढ्यातही बोटीचं डिझेल, टाकी भरण्याचा खर्च आणि पाणबुड्याचा दिवस भागवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. अठरा विषारी काट्यांनी लायनफिशचं जेवढं रक्षण केलं नसेल तेवढं या हिशेबाने केलं आहे.

अर्थात अमेरिकेत एखादं काम परवडत नसलं की त्याची स्पर्धा भरवतात, म्हणजे लोक ते पदरमोड करून करतात. लायनफिश मारण्याच्या स्पर्धांना तिथे डर्बी म्हणतात. फ्लोरिडाच्या डेस्टिन गावाजवळ २०१९ मध्ये झालेल्या स्पर्धेत दोन दिवसांत चौदा हजारांहून अधिक मासे मारले गेले. आकडा दणदणीत आहे, फक्त त्याच्या शेजारी एका मादीची वर्षाची वीस लाख अंडी मांडू नयेत. मांडली तर चौदा हजार म्हणजे त्यांच्या एक टक्काही भरत नाही. अंड्यांतली बहुतेक वाया जातात हे खरं, तरी हा हिशेब बक्षीस समारंभात वाचून दाखवण्यासारखा नव्हे. फ्लोरिडाच्या वन्यजीव खात्याने लायनफिशसाठी साध्या भाल्याला परवाना ठेवला नाही, संख्येची मर्यादा ठेवली नाही, जास्तीत जास्त मासे मारणाऱ्याला 'लायनफिश किंग' हा किताब दिला. २०१६ मध्ये तर याहून पुढची शक्कल निघाली: दहा लायनफिश मारून आणणाऱ्याला हौशी मासेमारीच्या दोन दिवसांत रोज एक शेवंड जास्तीची पकडायची मुभा. परक्या माशापासून स्थानिक जीव वाचवायचे, आणि ते वाचवल्याचं बक्षीस म्हणून एक स्थानिक जीव खायचा. असा निर्णय घेताना बैठकीत कुणीतरी हसलं असेल अशी आशा आहे. घरातला केर आपोआप काढणारं यंत्र विकून नाव कमावलेल्या आयरोबॉट कंपनीचे कॉलिन अँगल यांनी २०१७ मध्ये बर्म्युडात एक यंत्र पाण्यात सोडलं. ते विजेचा झटका देऊन लायनफिशला गुंग करतं आणि नळीत ओढून घेतं. केराच्या बाबतीत अनुभवाला आलेली गोष्ट इथेही खरी ठरते: यंत्र उत्तम चालतं, केर उरतोच. त्यातल्या त्यात शहाणपणाची कल्पना सागरी खात्याच्या स्टीव्ह गिटिंग्ज यांच्या सापळ्याची. तो समुद्रतळावर उघडा पडून राहतो, मध्ये नुसता एक आडोसा असतो, आमिषही लागत नाही. लायनफिश आडोशाला जमतात, आणि वर ओढला की सापळा मिटतो. पाणबुड्या जिथे पोहोचू शकत नाही तिथे हे काम करू शकतं, आणि लायनफिश तीनशे मीटरपर्यंत खाली राहतात हे लक्षात घेता ते करायलाच हवं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. खोल पाण्यातले मासे हाती लागत नाहीत, अंडी आणि पिलं प्रवाहाबरोबर शेकडो मैल वाहत येतात, एक खडक साफ केला तर पुढच्या वर्षी तो पुन्हा भरतो; मग हा सगळा खटाटोप कशाला? लायनफिश अटलांटिकातून घालवायचा, असं उद्दिष्ट ठेवलं तर आक्षेप बिनतोड आहे. ते उद्दिष्ट कुठलाही जाणकार ठेवत नाही. स्टेफनी ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बहामातल्या खडकांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी प्रत्येक खडकावर किती लायनफिश असले तर स्थानिक मासे टिकाव धरतील याचा अंदाज बांधला आणि तेवढ्यापुरतेच बाकीचे काढून टाकले. तिथे स्थानिक माशांचं प्रमाण ५० ते ७० टक्क्यांनी वाढलं; जिथे हात लावला नव्हता तिथे घसरण चालूच राहिली. म्हणजे सगळे मारावे लागत नाहीत, पुरेसे मारावे लागतात, आणि ते पुन्हापुन्हा मारावे लागतात. हे युद्ध नव्हे, खुरपणी आहे. तण कायमचं जात नाही म्हणून कुणी शेत सोडून घरी बसत नाही. पाऊस पडला की पुन्हा खुरपं घ्यायचं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या मोहिमेत निराश होण्यासारखं काही दिसणार नाही. अडचण एवढीच की तणाला डोळे नसतात. ज्या खडकांवर नेमाने मारणी होते तिथले लायनफिश दिवसा आडोशाला दडू लागतात आणि पाणबुड्या बराच दूर असतानाच सावध होतात, असं बहामातच आढळलं. अटलांटिकात येऊन पंचवीस-तीस वर्षं ज्याला कुणाची भीती वाटली नव्हती त्याला आता एका प्राण्याची भीती वाटू लागली आहे. भुकेच्या खात्यावर एवढं यश तरी मांडायला हरकत नाही.

याच्या उलट बाजूने येणारा आक्षेपही ऐकून घेतला पाहिजे: मोहीम फसली तर वाईट, पण यशस्वी झाली तर त्याहून वाईट. हनोईत १९०२ मध्ये फ्रेंच सरकारने उंदीर मारून शेपटी आणणाऱ्याला पैसे द्यायला सुरुवात केली. लवकरच शहरात बिनशेपटीचे, ठणठणीत उंदीर फिरताना दिसू लागले, आणि गावाबाहेर उंदीर पाळण्याचे धंदे निघाले. शेपटीला भाव होता. शेपटी देणारा उंदीर मारून भांडवल कोण बुडवील? लायनफिशचं असंच झालं तर? आपल्याला याचं उत्तर शोधायला परदेशी जायला नको, उजनीच्या जलाशयापर्यंत गेलं तरी पुरे. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला, आणि आज उजनीत त्याचाच बोलबाला आहे. भिगवणच्या बाजूला चिलापीवर ताव मारणाऱ्यांची मुळीच वाण नाही. वर्षानुवर्षं ताव मारला जातो आहे आणि चिलापी जागच्या जागी आहे. खाण्याने तो संपला नाही, उलट कित्येक घरांची चूल त्याच्यावर पेटते, आणि ज्याच्यावर चूल पेटते तो मासा संपावा असं कुठला कोळी म्हणेल? आक्षेपातलं तथ्य पुरेपूर मान्य. फक्त त्यात एक गृहीत दडलेलं आहे, ते म्हणजे नफा. चिलापी जाळ्याने ढिगांनी निघतो आणि स्वस्त विकला जातो, म्हणून तो लोकांच्या जेवणात मुरला. लायनफिश एकेक करून भाल्याने निघतो. त्याला पाळायचं म्हटलं तर ज्या लहान माशांना वाचवायचं आहे तेच त्याला पोटभर खाऊ घालावे लागतील. ज्या धंद्यात आज पाणबुड्याच्या टाकीचा खर्च निघत नाही त्या धंद्यातून उद्या मक्तेदार निर्माण होतील, या भीतीने आज हातचा भाला खाली ठेवण्याचं कारण दिसत नाही. मक्तेदारी यायला आधी मागणी यावी लागते.

आणखी एक आक्षेप भूतदयेचा. माशाने काय केलं? त्याला कुणी उचललं, विमानातून आणलं, टाकीत ठेवलं, टाकीतून काढलं, आणि आता तो जगतो आहे म्हणून त्याला टोचताहेत. यातला शब्दन्‌शब्द खरा आहे, आणि खऱ्या आरोपीची बाजू तर फारच गमतीची आहे. फ्लोरिडाने जिवंत लायनफिश बाहेरून आणण्यावर बंदी घातली ती २०१४ मध्ये, म्हणजे पहिला मासा समुद्रात दिसल्यावर एकोणतीस वर्षांनी. तोवर समुद्रात मारा आणि दुकानात विका, हे दोन्ही उद्योग एकाच राज्यात गुण्यागोविंदाने चालू होते. पण माशाचं निर्दोषत्व मान्य केल्याने त्याने रोज गिळलेल्या पिलांचं निर्दोषत्व रद्द होत नाही. दोन निर्दोषांपैकी एकाला वाचवायचं असेल तर निवड करावी लागते. ज्या शाकाहारी वाचकाला ही निवडच नको वाटते त्याने ताटाबाहेर राहावं. मोहिमेला त्याच्या जेवणाची नव्हे, त्याच्या वर्गणीची गरज आहे.

२०१७ च्या सुमारास मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर भागात लायनफिशच्या कातडीवर व्रण दिसू लागले, आणि त्यानंतर त्या भागात त्यांची संख्या झपाट्याने उतरली. शास्त्रज्ञांनी कारणांचा शोध घेतला, पाणबुड्यांच्या नळ्या हलक्या झाल्या, आणि मोठ्या मेहनतीने लोकांना लायनफिशची गोडी लावलेल्या उपाहारगृहांना माल मिळेनासा झाला. इतक्या वर्षांच्या पाककृती, किताब, स्पर्धा आणि प्रवचनं एकीकडे, आणि कातडीचा एक रोग दुसरीकडे. त्यातही पुढे काही ठिकाणी मासे सावरले, म्हणजे रोगालाही खुरपणीपेक्षा जास्त काही जमलं नाही.

या सगळ्याची खरी परीक्षा आता भूमध्य समुद्रात होते आहे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि तांबड्या समुद्राचं दार भूमध्याकडे कायमचं सताड उघडं झालं. हिंदी महासागरातला लायनफिशचा भाऊबंद १९९१ मध्ये इस्राएलच्या किनाऱ्यावर एकदा दिसला, मग वीसेक वर्षं गप्प राहिला, आणि २०१२ नंतर लेबनॉन, सायप्रस, तुर्कस्तान, ग्रीस असा पसरत गेला. समुद्र तापतो आहे, तिथलेही मोठे गोब्रे बऱ्यापैकी खाऊन झाले आहेत, सगळी तयारी पूर्वीसारखीच. एक फरक मात्र आहे. सायप्रसचे छोटे कोळी किनाऱ्यालगत जी जाळी लावून ठेवतात त्यांत हा मासा येतो. बाजार जवळ आहे, टॅव्हर्ना आहेत, उन्हाळ्यात नव्या माशाची चव घ्यायला उतावीळ झालेले पर्यटक आहेत. म्हणजे भुकेला तिचे जुने साथीदार परत मिळाले आहेत, आणि अटलांटिकात चालणारी, बुडी मारणं परवडत नाही ही सबब इथे चालणार नाही. मासा आपणहून जाळ्यात येतो. कोळ्याने जाळ्यातून अठरा काटे तेवढे सोडवायचे, आणि पुढचं पर्यटकांकडे सोपवायचं.